शेवटच्या खोलीचं छप्पर

मित्रांनो, छावणीत माणसं रांगेत उभी राहतात, तशा आम्ही बराकीही रांगेतच उभ्या आहोत. न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवर ही तावालीची छावणी आहे. तिच्यातली तिसरी बराक ती मी. मला नाव नाही. "तीन नंबर" म्हटलं की सगळ्यांना कळतं. वयानं मी चांगली म्हातारी आहे, पण बघून तुम्हाला ते पटायचं नाही. माझ्या डोक्यावर सध्या नवा कोरा पत्रा आहे आणि भिंतींना अजून रंगाचा वास येतो. येणारे-जाणारे म्हणतात, "तीन नंबरचं नशीब फळफळलं!" हे फळफळलेलं नशीब माझ्या वाट्याला कसं आलं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. ऐकताना तुम्हाला थोडं वाईट वाटेल. सांगताना मलाही वाटणार आहे.

माझा जन्म झाला तेव्हा या देशाला स्वतःचा झेंडा नव्हता. हुकूम ऑस्ट्रेलियन साहेबांचे आणि घाम इथल्या पोरांचा, अशी तेव्हा कामाची वाटणी होती. जंगलातून लालसर, लोखंडासारखं कठीण लाकूड ओढून आणलं आणि त्याचे माझे खांब केले. जमीन ओली असते म्हणून मला कमरेएवढ्या ठोकळ्यांवर उचलून धरलं. भिंतींना सिमेंटचे पत्रे, वर पन्हळी पत्रा, आणि खिडक्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्या उघडल्या की समुद्राचा वारा एका अंगानं आत यायचा आणि दुसऱ्या अंगानं निघून जायचा. छावणीत सगळ्यात गार झोप माझ्याकडे लागते, असं सैनिक म्हणायचे. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक, आणि खरं सांगायचं तर मला ते अजून पुरतं आहे.

माझ्याकडे अविवाहित शिपाई राहायचे. कुणी बेटांवरचा, कुणी मोठ्या नदीकाठचा, कुणी ढगांच्याही वर असलेल्या डोंगरातला. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. पहिले काही दिवस ते एकमेकांकडे संशयानं बघत, आपापल्या खाटेवर पाय वर घेऊन बसत. मग कुणाचा तरी बूट हरवायचा, कुणाच्या तरी मच्छरदाणीत सरडा शिरायचा, आणि हसता हसता सगळे पिजिन नावाची बाजारातली मोडकीतोडकी मिश्र भाषा बोलायला लागायचे. महिन्याभरात भांडणंही त्याच भाषेत व्हायची. देश म्हणजे काय हे मला ठाऊक नाही. पण तो तयार होताना कसा आवाज येतो, तो मी ऐकलेला आहे.

पुढे झेंडा आला, साहेब गेले, वर्षं गेली. माझ्याकडे बघायचं हळूहळू राहून गेलं. वाईट कुणीच नव्हतं, मित्रांनो. प्रत्येक जण म्हणायचा, "तीन नंबरचं काम पुढच्या वर्षी घेऊ." काचेची एक पट्टी फुटली, तिथं पुठ्ठा आला. पत्र्याला भोक पडलं, त्याखाली बादली आली. टेकडीच्या खालच्या अंगाला लग्न झालेल्या सैनिकांची घरं होती, ती वाळवीनं पोखरून टाकली. त्या घरांतली कुटुंबं मग माझ्याकडे आली. "तात्पुरती," असं सांगितलं होतं. माझ्या लांबलचक पोटात फळ्या ठोकून खोल्या केल्या, खाटांच्या जागी चुली आल्या, दोऱ्यांवर झबली वाळू लागली.

नियमानं हे चूक होतं. मी अविवाहितांची बराक. पण तुमच्यापासून काय लपवू? मला ते फार आवडलं होतं. बुटांच्या पॉलिशच्या वासात इतकी वर्षं काढल्यावर नारळाच्या दुधात शिजणाऱ्या रताळ्यांचा वास आला की माझे खांबसुद्धा सैल व्हायचे.

समुद्राकडच्या शेवटच्या खोलीत कॉर्पोरल बेन्सन तामुक आणि त्याची बायको एल्सी राहायची. तो बेटावरचा, ती डोंगरातली. त्याला पोहता येत होतं पण चढ चढताना धाप लागायची, आणि तिला समुद्राची इतकी भीती की गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. दोघं एकमेकांना यावरून दिवसभर चिडवायची. त्यांना मूल नव्हतं. एल्सी माझ्या मागच्या अंगाला रताळी लावायची आणि पिठाचे गोळे तळून पहाटेच्या कवायतीहून आलेल्या पोरांना द्यायची. "वहिनी, एक जास्त टाका," असं म्हणत ती सगळी पायरीवर रांग लावायची.

आता माझ्या टाकीबद्दल सांगतो, नाही, सांगते. सैनिकांच्या सहवासात माझी बोली अशी बिघडते. माझ्या छपरावरचं पावसाचं पाणी एका लोखंडी टाकीत जमा व्हायचं आणि सगळे तेच प्यायचे. टाकी आतून सडली होती. वरचं झाकण कधीच उडून गेलं होतं. पानं पडायची, उंदीर पडायचे. एल्सीनं सांगून पाहिलं, बेन्सननं वर कळवलं. उत्तर आलं, "पुढच्या महिन्यात." चार माणसांनी मनावर घेतलं असतं तर एका सकाळचं काम होतं ते.

मग बराकीत ताप आला. पोटात दुखायचं, अंग भाजायचं. टायफॉइड आहे हे कळेपर्यंत कितीतरी जण आडवे झाले होते. बाकीचे वाचले. बेन्सनची शुद्ध जायला लागली, तेव्हा त्याच्या सोबतच्यांनी त्याला शहरातल्या दवाखान्यात न्यायला चादरीत उचललं आणि ट्रकमध्ये ठेवलं. एल्सी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ट्रक गेला. संध्याकाळी तो परत आला, तेव्हा एल्सी एकटीच खाली उतरली. कुणी तिला हात दिला, तो तिनं घेतला नाही.

बेटावरून बेन्सनची आई आली, तिनाई. वाळलेल्या खोबऱ्यासारखी चिवट म्हातारी, सुपारीनं दात लाल झालेले, डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं सुनेला पहिला प्रश्न विचारला, "त्याचा जीव कुठं गेला?"

 एल्सी म्हणाली, "इथंच, आई. ह्याच खाटेवर. शांतपणे गेला."

मित्रांनो, ते खरं नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी त्याला जिवंत जाताना पाहिलं होतं. पण म्हातारीच्या बेटावर मानतात की माणूस जिथं शेवटचा श्वास सोडतो, तिथंच त्याचा आत्मा रेंगाळतो. आणि वाटेत, परक्या जागी मेलेल्याला कुणी आपलं म्हणत नाही. एल्सीला हे ठाऊक होतं. म्हणून ती खोटं बोलली. म्हातारीनं खाटेवरून हात फिरवला, उशी हुंगली आणि तिथंच पाय पसरले. ती परत बेटावर गेलीच नाही.

सासू-सुना एका खोलीत राहू लागल्या. आमच्या देशात सून आणि सासरची माणसं एकमेकांचं नाव घेत नाहीत. तिनाई सुनेला "डोंगरवाली" म्हणायची.

"ए डोंगरवाली, हे मासे शिजवलेस की बुडवून मारलेस?"

"तुम्ही शिकवा ना, आई."

"शिकवायला माझं आयुष्य पुरलं पाहिजे."

आणि ताट मात्र चाटून पुसून साफ. आदल्या दिवशीचा एखादा गोळा उरला असेल तर म्हातारी तो झोळीत लपवायची आणि सून बाजारातून दमून आली की पुढं सरकवायची. "उंदरानं ठेवलाय," म्हणायची.

बेन्सनच्या मरणाची बातमी वर्तमानपत्रात आली. फोटो माझ्या टाकीचा होता. राजधानीतून मोठे साहेब आले, नाकाला रुमाल लावून माझ्यातून हिंडले, आणि मग इतकी वर्षं न निघालेला हुकूम एकदाचा निघाला. तीन नंबरची पूर्ण दुरुस्ती. नवं छप्पर, नव्या भिंती, नवी टाकी, नळाचं पाणी. आणि खाली एक ओळ: बराक अविवाहित सैनिकांसाठी आहे, तरी सर्व कुटुंबांनी जागा रिकामी करावी.

जो माणूस गेला म्हणून माझी दुरुस्ती निघाली, त्याच्याच बायकोला आणि आईला दुरुस्तीसाठी बाहेर काढायचं होतं. मला डोकं नाही, छप्पर आहे. पण त्या दिवशी छप्परसुद्धा सुन्न झालं.

काम इंजिनिअर तुकडीच्या सार्जंट याकोप आपानकडे आलं. नदीकाठचा, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. बेन्सन त्याच्याच तुकडीतला. त्या दिवशी ट्रकमध्ये तोही होता. माप घ्यायची फीत घेऊन तो शेवटच्या खोलीशी आला आणि दारातच घुटमळला.

"वहिनी, कशा आहात?"

"आहे जिवंत, सार्जंट. बसा. गोळे घ्या."

"आज खायला नाही आलो."

आतून तिनाईचा आवाज आला, "मग काय मोजायला आलायस? माझी पेटी?"

"खोली मोजतोय, आजी."

"खोली कशाला? मला मोज. मी इथून बाहेर निघेन ती शवपेटीतच. माझं पोर इथं आहे."

याकोपनं एल्सीकडे पाहिलं. एल्सीनं मान खाली घातली. त्याला खरं काय ते माहीत होतं, आणि त्यानं तोंड उघडलं नाही. फीत गुंडाळून तो निघून गेला.

बाकीची कुटुंबं एकेक करून गेली. कुणी नातेवाइकांकडे, कुणी गावी, कुणी शहराच्या कडेला वस्तीत. चटया, भांडी, कोंबड्या, पोरं ट्रकवर चढली. माझ्यातला आवाज कमी कमी होत गेला. याकोपनं काम जमिनीकडच्या टोकापासून सुरू केलं, म्हणजे समुद्राकडची शेवटची खोली सगळ्यात शेवटी येईल. एवढंच त्याच्या हातात होतं, आणि तेवढं त्यानं केलं.

दुरुस्ती म्हणजे काय, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. खिळे उपटताना लाकूड किंचाळतं. जुने पत्रे काढले तेव्हा मी कित्येक वर्षांनी थेट आभाळ पाहिलं आणि मला थंडी वाजली. भिंतीवर पोरांनी कोरलेली नावं, गावं, कुणाच्या तरी प्रेयसीचं चित्र, सगळं उतरलं. कुजलेले वासे गेले, नवे आले. तुकडीची पोरं मात्र प्रेमानं काम करायची. त्यांच्यात ओटो नावाचा एक शिपाई होता, त्याची जीभ हातापेक्षा जोरात चालायची. एकदा तो नुकत्याच रंगवलेल्या भिंतीकडे कौतुकानं बघत असताना तिनाईनं खिडकीतून तिच्यावर सुपारीची लाल पिंक टाकली.

"आजी! हा रंग कालच लावलाय!"

"म्हणूनच. लाल उठून दिसतो."

"सार्जंट माझी चामडी सोलतील ना!"

"सोलू दे. तुझ्या चामडीलाही एक हात रंग लागायला हवाच आहे."

पोरं पोट धरून हसली. ओटोनं भिंत पुन्हा रंगवली. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं पुन्हा पिंक टाकली. तिला वाटत होतं, असं केलं तर काम पुढं सरकणार नाही. काम सरकतच होतं.

एक दिवस मेजर हेनी पाहणीला आल्या. छावणीचा कारभार त्यांच्याकडे होता. नीटनेटकी, थकलेल्या चेहऱ्याची बाई. त्यांनी माझी नवी न्हाणीघरं पाहिली, नळ सोडून पाहिले, आणि शेवटच्या खोलीबाहेर वाळत घातलेले झगे पाहून थांबल्या.

"याकोप, अजून?"

"मॅडम, एकच खोली आहे. दोनच बायका आहेत. बाकी सगळी बराक पोरांना द्या. ही एक राहू दे."

"तुम्हाला वाटतं, मला वाईट वाटत नाही?"

"वाटतं, मॅडम. म्हणूनच विचारतोय."

मेजरबाई पायरीवर बसल्या. अधिकारी असं बसत नाहीत, म्हणून पोरं दूर सरकली. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी एवढ्या कुटुंबांना इथून हलवलं. ती दुसऱ्या एका कॉर्पोरलची बायको, पोटात बाळ होतं तिच्या. तिलाही नाही म्हटलं. आता एकीला खोली दिली, तर तिच्या तोंडाकडे मी कशी बघू? तुम्हीच सांगा, मी तसं करते."

याकोप हातातली पक्कड उघडझाप करत उभा होता.  मेजरबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मलाही आजपर्यंत सापडलेलं नाही.

"म्हातारीला बोटीवर पोचवायला ट्रक देते," मेजरबाई उठताना म्हणाल्या. "एल्सीला डोंगरात भावांकडे जायचं असेल तर तोही बंदोबस्त करते. पण उद्घाटनाची तारीख ठरलीय. आठवड्यात ते छप्पर उतरलं पाहिजे."

आठवडा गेला. शेवटी एका दुपारी याकोप शिडी घेऊन आला. त्यानं पोरांना पाठवलं नाही, स्वतःच वर चढला. एल्सी बाजारात गेली होती. तिनाई खाटेवर पाय पसरून बसली होती.

"आजी, बाहेर या. पत्रे काढतोय."

"काढ."

"अंगावर काहीतरी पडेल."

"पडू दे."

त्यानं कडेचा पत्रा काढला, मग दुसरा. खाटेच्या वरचे पत्रे त्यानं इतक्या जपून उचलले, जणू झोपलेल्या माणसाचं पांघरूण काढतो आहे. वरून ऊन खाली आलं आणि म्हातारीच्या मांडीवर पडलं. ती हलली नाही. आमच्याकडे दुपार कलली की डोंगराकडून पाऊस येतो, तसा तो त्या दिवशीही आला. आधी थेंब, मग सरी. खोलीत पाणी पडायला लागलं. भांड्यांवर, चटईवर, बेन्सनच्या उशीवर. तिनाईनं उशी पोटाशी धरली आणि तशीच भिजत बसली.

याकोप खाली उतरला. तिला उचलून बाहेर नेणं त्याला एका हातानं जमलं असतं. त्यानं तसं केलं नाही. तो खाटेजवळ जमिनीवर बसला आणि तोही भिजू लागला. ओटो आणि बाकीची पोरं खिडकीशी येऊन उभी राहिली. कुणालाही विनोद सुचला नाही.

तेवढ्यात एल्सी आली. डोक्यावरून पाठीवर सोडलेल्या झोळीत बाजाराचं ओझं होतं. तिनं उघडं छप्पर पाहिलं, सासू पाहिली. झोळी खाली ठेवली.

"आई, उठा. आजारी पडाल."

"माझ्या लेकाचा जीव जिथं गेला, तिथून मी उठणार नाही. तुला जायचं तर जा तुझ्या डोंगरात."

"आई, तो इथं नाही गेला."

पावसाचा आवाज होता, तरी ते वाक्य सगळ्यांना ऐकू आलं. याकोपनं डोळे मिटून घेतले.

"काय म्हणालीस?"

"इथं नाही गेला. मी खोटं सांगितलं तुम्हाला. ट्रकमध्ये गेला. पुलाजवळच्या वळणावर ट्रक चिखलात रुतला होता. पोरं ढकलत होती. तेव्हाच."

म्हातारीनं आपले पांढुरके डोळे याकोपच्या दिशेनं वळवले. "ए, मोजणाऱ्या. तू होतास?"

"होतो, आजी."

"खरं आहे?"

"खरं आहे."

"डोकं कुणाच्या मांडीवर होतं?"

"वहिनींच्या."

"काही बोलला?"

याकोपनं एल्सीकडे पाहिलं. एल्सी म्हणाली, "सारखं एकच विचारत होता, 'पोचलो का?' मी सांगितलं, 'हो, पोचलो.'"

 पाऊस तिनाईच्या चेहऱ्यावरून ओघळत होता. मग ती म्हणाली, "त्यालाही खोटं सांगितलंस. मलाही. खोटं तू फार चांगलं बोलतेस, डोंगरवाली."

  म्हातारीनं खाटेचा दांडा धरला आणि एकटीच उठून उभी राहिली. याकोप आधाराला पुढं झाला, तिनं त्याचा हात झटकला.

"मला त्या वळणावर नेऊन सोड," ती म्हणाली.

ती माझ्या उंबऱ्यावरून गेली, तेव्हा मला वाटलं होतं की मी सुटले. तसं काही झालं नाही. रिकाम्या खोलीत पाऊस पडत राहिला आणि मी तो अंगावर घेत राहिले.

पुढचं मी पोरांच्या तोंडून ऐकलं आहे. पुलाजवळच्या वळणावर, नदीच्या काठाला, शहरात काम शोधायला आलेल्या लोकांची वस्ती आहे. तिनाई तिथंच राहायचं म्हणून हटून बसली. याकोप मेजरबाईंकडे गेला आणि माझं काढलेलं जुनं लाकूड मागितलं.

मेजरबाई म्हणाल्या, "ते तर जाळायचं आहे ना?"

"हो, मॅडम."

"मग कुठं जाळता ते मला कशाला विचारता?"

रविवारी चर्च सुटल्यावर तुकडीतली पोरं माझे जुने वासे, फळ्या, धड असलेले पत्रे खांद्यावर घालून वस्तीत गेली आणि संध्याकाळपर्यंत एक खोली उभी केली. खांब उंच ठेवले, कारण पाणी चढलं की नदी तिथवर येते. डोंगरातून एल्सीचे भाऊ तिला न्यायला आले होते. तिथं जमीन आहे, माणसं आहेत, पुराचं भय नाही. ती गेली नाही. ओटो सांगत होता, भावांनी विचारलं, "ही म्हातारी तुझ्याशी बोलतसुद्धा नाही, तिच्यासाठी राहणार?" तर ती म्हणाली, "तिला दिसत नाही. पाणी चढलं तर तिला कोण सांगेल?"

कारण खरंच, त्या दुपारपासून तिनाई सुनेशी एक शब्दही बोलली नव्हती. टोमणासुद्धा नाही.

माझं उद्घाटन थाटात झालं. फुलांच्या माळा, बँड, जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर भाजलेलं डुक्कर. मोठ्या साहेबांनी फीत कापली. भाषणात बेन्सनचं नाव घेतलं गेलं, पाहुण्यांनी टोप्या काढल्या. माझ्या पांढऱ्या भिंतींपुढे उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. एल्सी मागच्या बाजूला उभी होती, फुलाफुलांचा सैल झगा घालून. पोरांसाठी तिनं पिठाचे गोळे आणले होते. मेजर हेनी गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेल्या.

"आजी नाही आल्या?"

"नाही, मॅडम."

"अजून रागावल्यात?"

"बोलत नाहीत माझ्याशी."

 "मग तुम्ही राहता कशा एका खोलीत?"

एल्सीनं टोपलीवरचं फडकं नीट केलं. "मॅडम, मी पहाटे गोळे तळायला उठते ना, तर त्याच्या आधी चूल पेटलेली असते. त्यांना दिसत नाही. हाताला चटके बसतात, फोड आलेत. मी विचारलं तर तोंड फिरवतात. पण चूल रोज पेटलेली असते."

एवढं बोलून ती पोरांना गोळे वाटायला निघून गेली. मेजरबाई बँड थांबेपर्यंत तिथंच उभ्या होत्या.

मित्रांनो, आता माझ्याकडे पुन्हा तरुण शिपाई राहतात. प्रत्येकाला स्वतःचं कपाट आहे, डोक्यावर पंखा आहे, नळाला स्वच्छ पाणी आहे. ती पोरं चांगली आहेत, आणि ती आजारी पडत नाहीत याचा मला आनंद आहे, अगदी मनापासून. पण नदीकाठी माझी जुनी हाडं दोन बायकांना सावरून उभी आहेत, आणि डोंगरावर ढग काळे झाले की माझा नवा पत्रा उगाच थरथरायला लागतो.

तुम्ही मोठे झाल्यावर तुमच्यातलं कुणी घरं बांधेल, कुणी पडकी घरं दुरुस्त करेल, कुणी नुसत्या सह्या करेल. तेव्हा या म्हाताऱ्या बराकीचं एवढं ऐका. एका सकाळचं काम त्याच सकाळी करा. ते पुढं ढकललं की एखाद्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. आणि छप्पर उतरवायला शिडी लावाल, त्याआधी दार वाजवा. आत कोण आहे ते विचारा. विचारून लगेच वर चढू नका. उत्तर येईपर्यंत खाली उभे राहा.